माती नको, माया बेतानं

लग्नाच्या वाढदिवसाला माझ्या नणंदेनं मुंबईहून येताना ऑर्किडची कुंडी आणली. जांभळ्या फुलांचा लांबलचक तुरा! पडवीत ठेवली तर वाडीतल्या बायका मुद्दाम येऊन बघून गेल्या. मी तर हरखूनच गेले. पण कुंडीत डोकावते तर काय, माती नावालाही नाही! नुसते कोळसे आणि विटांचे तुकडे. मनात म्हटलं, शहरातल्या लोकांना बिचाऱ्यांना माती कुठून मिळणार? मग मी ते सगळं उपसून टाकलं, मोठी कुंडी घेतली, छान लाल माती, वर दोन ओंजळी शेणखत, आणि जास्वंदीच्या बरोबरीनं रोज सकाळ-संध्याकाळ तांब्याभर पाणी घालायला लागले.

महिन्याभरात पानं पिवळी पडली. उपटून बघितलं तर मुळं काळी, चिकट, कुबट वासाची. पुढच्या वर्षी एका प्रदर्शनातून दोन रोपं घेतली, तीही तशीच गेली. त्यातल्या एकाला तर मी मरता मरता जास्तच खत घातलं होतं. "ऑर्किड म्हणजे श्रीमंतांचे चोचले, आपल्या कोकणात नाही जगायची," असं म्हणून मी मोकळी झाले.

सासूबाई ओट्यावर बसून कुळीथ निवडत हे सगळं बघत होत्या. ऑर्किड हा शब्द त्यांना ठाऊक नव्हता. पण तिसऱ्या रोपाची कुंडी मी रिकामी करायला घेतली तेव्हा त्या म्हणाल्या, "अगो, ता झाडावरचा झाड. तेका मातीत कित्याक घातलंस?" आणि त्यांनी मागीलदारच्या जुन्या आंब्याकडे बोट केलं.

त्या आंब्याच्या आडव्या फांदीवर लांब, जाड पट्ट्यांसारख्या पानांचे झुबके होते. लग्न होऊन आल्यापासून मी ते बघत होते. पाऊस तोंडावर आला की त्यांतून गुलाबी-पांढऱ्या फुलांच्या हातभर वेण्या खाली लोंबायच्या. तीच आपली 'सीतेची वेणी'. त्यांना कधी कुणी तांब्याभर पाणी घातलं नव्हतं, की मूठभर खत. आणि हेही ऑर्किडच! मी पैसे मोजून आणलेल्या रोपांचं सख्खं गणगोत माझ्याच दारात सुखानं नांदत होतं, आणि मी मात्र इकडे कुंडीत माती घालून एकेक रोप पुरत होते.

त्या दिवसापासून मी ऑर्किड शिकायला लागले. चुकत-माकत जे हाती लागलं, ते आज तुम्हा मैत्रिणींपुढे ठेवते आहे. कोकण, गोवा किंवा अशाच उष्ण, दमट हवेच्या गावात राहणाऱ्या बायकांना त्याचा नक्की उपयोग होईल.

बांडगूळ नव्हे हो!

ऑर्किडला मराठीत आमरी म्हणतात. भारतात त्यांच्या १,२०० हून अधिक जाती आहेत. काही जमिनीत उगवतात, पण आपण ज्यांच्या फुलांवर भाळतो त्या बहुतेक झाडांवर राहणाऱ्या. आपल्याकडे मात्र झाडावर उगवलेल्या प्रत्येक गोष्टीला सरसकट 'बांडगूळ' म्हणायची पद्धत आहे. आंब्याचा हंगाम संपला की गडी कोयता घेऊन चढतो आणि बांडगुळाबरोबर आमरीही खरवडून खाली टाकतो. हा गैरसमज आजचा नाही. 'वँडा' हे ऑर्किडच्या एका मोठ्या कुळाचं शास्त्रीय नाव संस्कृतातल्या 'वंदा' या शब्दावरून आलं, आणि त्या शब्दाचा एक अर्थ बांडगूळ असाच आहे!

दोन्हींतला फरक ओळखायला सोपा आहे. बांडगूळ हे लाकडी फांद्यांचं चांगलं झुडूप असतं. जिथे ते आंब्याला चिकटतं तिथे फांदीला गाठ आल्यासारखी सूज दिसते, कारण त्याची मुळं सालीच्या आत घुसून झाडाचं पाणी आणि अन्नरस ओढतात. त्याची चिकट फळं फुलटोच्यासारखे पक्षी खातात आणि बी फांदीला पुसून ठेवतात. असं बांडगूळ काढायलाच हवं.

ऑर्किडचं तसं नाही. त्याची मुळं पांढऱ्या दोऱ्यांसारखी सालीवरून पसरलेली दिसतात. ती आत शिरत नाहीत. झाड त्याला फक्त बसायला जागा देतं. पाऊस, दव, हवेतला ओलावा, सालीवर साठलेला पालापाचोळा आणि पक्ष्यांची शीट, एवढ्यावर त्याचा संसार चालतो. त्या मुळांवर स्पंजासारखं पांढरं आवरण असतं. पाणी पडलं की ते चटकन शोषून घेतं आणि मुळं हिरवी दिसू लागतात. सुकली की पुन्हा रुपेरी-पांढरी. ओलं व्हायचं आणि सुकायचं, पुन्हा ओलं व्हायचं आणि सुकायचं, हाच त्यांचा श्वास. मातीत पुरलं की सुकणं थांबतं, हवा मिळत नाही आणि मुळं गुदमरून कुजतात. 'अति तिथे माती' म्हणतात ना, इथे ती म्हण शब्दशः खरी आहे बघा.

आपली हवा हीच आपली श्रीमंती

थंड किंवा कोरड्या मुलखात ऑर्किड वाढवायचं तर काचघर लागतं, धुकं उडवणारी यंत्रं लागतात. आपल्याकडे देवानं ते सगळं फुकट दिलंय! सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, थंडी बेताची, हवा बाराही महिने दमट. थायलंड, सिंगापूर, केरळ इथल्या बागांत जी ऑर्किड उघड्यावर फुलतात, त्यांना आपली हवा परकी वाटत नाही.

मात्र प्रत्येक ऑर्किडला ती मानवतेच असं नाही. दुकानात फूल बघून भुलायच्या आधी नाव विचारावं.

डेंड्रोबियम ही पहिलटकरणीसाठी सगळ्यात चांगली. उसाच्या बारीक कांड्यांसारखे दांडे आणि टोकाला जांभळ्या-पांढऱ्या फुलांचा तुरा. लग्नाच्या मांडवात आणि हारांत दिसतात ती जांभळी ऑर्किड बहुतेक हीच. आमच्याकडच्या उन्हाला आणि उकाड्याला ती डगमगत नाहीत.

वँडा थोडी जास्त उजेडाची भुकेली. हिला कुंडीच नको. लाकडी पट्ट्यांच्या टोपलीत नुसती मुळं मोकळी सोडून टांगायची. उन्हाळ्यात मात्र रोज पाणी हवं.

पेन्सिलीसारख्या गोल पानांची वँडासुद्धा मिळते, ती भर उन्हातच फुलते. तिची गोष्ट मला फार आवडते. सिंगापूरमध्ये ॲग्नेस जोआकिम नावाची एक अर्मेनियन बाई होती. घरच्या बागेत रमणारी. तिच्या बागेतल्या एका नव्या संकरित ऑर्किडची १८९३ मध्ये शास्त्रज्ञांनी नोंद घेतली आणि तिचंच नाव त्या फुलाला दिलं. १८९९ च्या पुष्पप्रदर्शनात त्याला बक्षीस मिळालं, त्याच वर्षी ती गेली. आणि १९८१ मध्ये तेच फूल सिंगापूरचं राष्ट्रीय फूल झालं! एका बाईच्या परसातलं फूल देशाची ओळख झालं. आपण परसात जो वेळ घालवतो त्याला कुणी 'रिकामा उद्योग' म्हणालं, तर ही गोष्ट त्यांना जरूर सांगा.

फॅलेनॉप्सिस, म्हणजे पतंगासारख्या रुंद पाकळ्यांचं, भेट म्हणून सर्रास मिळणारं ऑर्किड. माझ्या नणंदेच्या मुलीनं मागच्या वर्षी मला हेच दिलं. हिला ऊन सोसत नाही आणि पावसाचा थेट मारही नाही. पडवीत, सावलीतल्या उजेडात ठेवायची. पानांच्या बेचक्यात पाणी साठलं की गाभा कुजतो. नवा दांडा यायला हिला काही आठवडे जरा गार रात्री लागतात, म्हणून किनाऱ्यावर ती पुन्हा फुलायला कुरकुरते. थंडीत फुलली तर आपलं भाग्य.

सिंबिडियम मात्र कोकणात घेऊच नये. सिक्कीम-दार्जिलिंगच्या गार रात्रींत रमणारी ती. आपल्याकडे पानं येतील, फुलं नाहीत.

बांधायचं कसं?

रोप झाडावर बांधायचं असेल तर मे अखेर ते जूनची सुरुवात ही उत्तम वेळ. पावसाच्या चार महिन्यांत मुळं सालीला घट्ट धरतात.

झाड खडबडीत सालीचं हवं. आंबा, फणस, चिकू चांगले. पेरूची साल सोलवटून पडते, तो नको. देवचाफा मला विशेष आवडतो. थंडीत त्याची पानं झडतात तेव्हा रोपाला नेमका हवा तसा उजेड मिळतो. रोप पूर्वेच्या बाजूला बांधावं, म्हणजे सकाळचं कोवळं ऊन मिळतं आणि दुपारचं रणरणतं ऊन चुकतं. माणसाच्या छातीच्या उंचीवर बांधलं की निगा ठेवणं सोपं जातं.

बांधायला विकतचं काही नको. जुन्या सुती साडीच्या पट्ट्या किंवा परकराची जुनी नाडी पुरते. मुळांखाली नारळाच्या सोडणाचा पातळ तुकडा ठेवावा आणि रोप हलणार नाही इतपत घट्ट बांधावं. हलणाऱ्या रोपाची नवी मुळं तुटत राहतात. वर्षभरात पट्टी कुजून पडते, तोवर रोपानं झाडाला मिठी मारलेली असते. तांब्याची तार मात्र चुकूनही वापरू नका, तांबं ऑर्किडला बाधतं.

झाड नसेल, भाड्याचं घर असेल, तरी वाईट वाटून घेऊ नका. मातीची पसरट कुंडी घ्या आणि तिला बाजूनंही भोकं असू द्या. तळाशी विटांचे तुकडे, वर लोणारी कोळशाचे सुपारीएवढे खडे. आपल्या पावसात नुसती सोडणं भरली तर ती आठवडेच्या आठवडे ओली राहतात, म्हणून ती अगदी थोडी. रोप नवं असेल तर काठीला बांधा. आणि कुंडी रोपापेक्षा लहानच वाटली पाहिजे. मोठ्या कुंडीत ओल धरून राहते.

तहान ओळखायला शिका

"किती पाणी घालू?" हा मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. उत्तर मुळांवर लिहिलेलं असतं. रुपेरी-पांढरी दिसली की तहान लागली आहे. हिरवी दिसली की पोट भरलं आहे, हात आखडता घ्या.

तरी अंदाजासाठी सांगते. पाऊस चालू असताना उघड्यावरच्या रोपांना पाणी लागत नाही. ऑक्टोबरच्या उकाड्यात रोज सकाळी एकदा. थंडीत एक दिवसाआड. एप्रिल-मेमध्ये सकाळी आणि ऊन कललं की लवकर संध्याकाळी. रात्रीपर्यंत पानं सुकलेली असावीत. झाडावर बांधलेल्यांना कुंडीतल्यांपेक्षा जास्त वेळा पाणी लागतं, कारण ती लवकर सुकतात.

खताचं सूत्र एकच: थोडं, पण नेमानं. पाण्यात विरघळणारं १९:१९:१९ खत एक लिटर पाण्यात पाव चमचा घेऊन पंधरा दिवसांतून एकदा फवारावं. आधी साध्या पाण्यानं मुळं भिजवून घ्यावीत, कोरड्या मुळांवर खत पडलं तर ती भाजतात. पावसाची झड लागलेली असताना थांबावं, उघडीप पडली की द्यावं. ओलं शेण मुळांवर कधीच नको.

उजेड कळतो पानांवरून. पानं गर्द हिरवी, लुसलुशीत आणि फुलांचा पत्ताच नाही, तर उजेड कमी पडतो आहे. पानं पिवळट पडून वर भाजल्यासारखे डाग आले, तर ऊन जास्त. पोपटी-हिरवा रंग म्हणजे बरोबर. उघडी जागा असेल तर निम्मं ऊन अडवणारी शेडनेट डेंड्रोबियमला पुरते.

आणखी एक. सह्याद्रीतल्या पांढऱ्या फुलांच्या डेंड्रोबियमची पानं पावसाळा सरल्यावर झडून जातात. उरतात नुसते सुकल्यासारखे दांडे. किती तरी जणी 'मेलं' म्हणून ते फेकून देतात. पण जानेवारी-फेब्रुवारीत त्याच उघड्याबोडक्या दांड्यांवर पांढऱ्याशुभ्र फुलांचे घोस येतात. तो त्यांचा विसाव्याचा काळ, तेव्हा पाणी अगदी कमी. विकतच्या डेंड्रोबियमचेही जुने दांडे कापू नका. त्यांत साठलेलं अन्न नव्या फुटव्याला मिळतं. कधी कधी दांड्यावरच चिमुकलं पिल्लू उगवतं. त्याची मुळं दोन-तीन इंच झाली की अलगद काढून वेगळं बांधा. मैत्रिणीला द्यायला याहून चांगली भेट नाही.

पावसाळ्याची परीक्षा

आमच्या बचत गटातल्या बाराजणींनी एकदा उत्साहानं प्रत्येकी दोन, अशी २४ डेंड्रोबियम आणली. गणपतीच्या दिवसांत फुलं विकायची, असा बेत. जागा म्हणून सगळ्यांनी एकजात घराची वळचण निवडली, सावलीही मिळते आणि येता-जाता लक्षही राहतं. कुंड्या प्लास्टिकच्या, आत ठासून सोडणं. जूनमध्ये पाऊस लागला आणि पागोळ्यांची धार नेमकी कुंड्यांवर! आठ-दहा दिवस सूर्य नाही. ऑगस्ट उजाडेपर्यंत २४ मधली नऊ उरली. एका ताईनं शिलाईचे साठवलेले पैसे त्यात घातले होते. ती काही बोलली नाही, पण पुढच्या दोन बैठकांना आलीही नाही. आधी दोन-चार रोपांवर एक पावसाळा काढून मगच बाकीची आणू, हे सांगायचं काम माझं होतं. मी ते केलं नव्हतं. तिच्या घरी जाऊन मी तसं कबूल केलं आणि उरलेली रोपं आम्ही दोघींनी मिळून तिच्या फणसावर बांधली.

तेव्हापासून काही नियम पाळतो. पागोळीखाली रोप ठेवायचं नाही. पावसाआधी वरच्या दाट फांद्या थोड्या विरळ करायच्या, म्हणजे वारा खेळतो. कुंड्या जमिनीवर न ठेवता टांगायच्या, एकीची पानं दुसरीला लागणार नाहीत इतकं अंतर ठेवायचं. काळा, पाणचट डाग दिसला की तेवढा भाग ब्लेडनं कापायचा. ब्लेड आधी ज्योतीवर धरून गार करायचं. कापलेल्या जागी दालचिनीची पूड लावायची, ती जखम सुकवते, मात्र मुळांवर पडू द्यायची नाही. आणि रात्री विजेरी घेऊन एक फेरी मारायची, कारण गोगलगायींना मुळांची कोवळी टोकं फार आवडतात. त्या हातानं वेचायच्या.

त्या ताईच्या फणसावरची चार रोपं आता दर वर्षी फुलतात. पिल्लं वेगळी करून तिनं गेल्या गणपतीत विकलीसुद्धा.

जंगलातून मात्र नको

आता थोडं कडू बोलते. पावसाच्या तोंडावर बाजारात कधी कधी जंगलातल्या आमरीच्या जुड्या विकायला येतात. मीही एकदा घेतल्या होत्या, पालेभाजीच्या भावात! मुळं ओरबाडून काढलेली, एकही जगली नाही. नंतर कळलं की आपण काय केलं.

ऑर्किडच्या एका शेंगेत लाखांच्या घरात बिया असतात, पण त्या धुळीसारख्या. बीमध्ये अन्नाचा साठाच नसतो. विशिष्ट बुरशीची साथ मिळाली तरच ती रुजते. लाखांतली एखादी रुजणार, आणि तिला फूल यायला कित्येक वर्षं जाणार. असं रोप एका झटक्यात ओरबाडायचं आणि आठवड्यात वाळवून टाकायचं! राखीव जंगलातून परवानगीशिवाय झाडं-रोपं उचलणं हा १९२७ च्या भारतीय वन कायद्यानुसार गुन्हा आहे, आणि काही ऑर्किडना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचंही संरक्षण आहे.

आणि गरज तरी काय? १९२२ मध्ये लुईस नडसन या अमेरिकी शास्त्रज्ञानं दाखवून दिलं, की साखर घातलेल्या पोषक माध्यमात काचेच्या बाटलीत ऑर्किडचं बी बुरशीशिवायही रुजतं. त्यामुळेच पुढे रोपवाटिकांत ऑर्किड मुबलक तयार होऊ लागली. माझं शेवटचं डेंड्रोबियम मी अडीचशे रुपयांना घेतलं, म्हणजे एका बऱ्या ब्लाउजच्या शिलाईएवढंच. मग जंगलाला कशाला हात लावायचा? रानातली आमरी घरी आणायचा एकच मार्ग मला पटतो: आपल्याच आवारातलं झाड पडलं किंवा फांदी तोडावी लागली, तर तिच्यावरची आमरी वाचवायची.

ती वेळ माझ्यावर आली.

तौक्तेनंतर

१६ मे २०२१. तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्याजवळून गेलं. रात्रभर वाऱ्याचं ते घोंघावणं अजून कानात आहे. सकाळी दार उघडलं तर मागीलदारी उजेडच उजेड. जुना आंबा मुळासकट आडवा झाला होता. सासऱ्यांच्या वडिलांनी लावलेलं झाड. कौलं उडालेली, वीज नाही, फोन नाही, करोनाची धास्ती वेगळीच. अशा वेळी ऑर्किडचा विचार कोण करतो?

सासूबाईंनी केला. सासरे जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. त्यानंतर त्या फारशा बोलत नसत. पण त्या सकाळी काठी टेकत त्या पडलेल्या आंब्यापाशी गेल्या, चिखलात टेकलेल्या फांदीवर हात ठेवला आणि मला हाक मारली. सीतेच्या वेण्यांनी कळ्या धरल्या होत्या. काही चिरडल्या होत्या, काही शाबूत होत्या. "लाकडावाले येवच्या आधी काढ गो," एवढंच त्या म्हणाल्या.

दोन दिवस मी आणि मुलगा तेच करत होतो. मुळं सालीवरून खरवडून काढली नाहीत, सालीचा पातळ पापुद्राच कोयत्यानं सोडवला, मुळांसकट. तुटक्या मुळांची टोकं कापली. कळ्या धरलेले दांडे छाटताना हात थरथरला, पण दुखावलेल्या रोपावर फुलांचं ओझं नको होतं. सासूबाई पडवीत बसून त्यांच्या जुन्या नऊवारीच्या पट्ट्या फाडत होत्या. १७ झुबके निघाले. काही चाफ्यावर बांधले, काही फणसावर, काही शेजारणींकडे दिले. थोड्याच दिवसांत पाऊस लागला, तोही मदतीला धावला.

पहिल्या वर्षी काही झालं नाही. पाच झुबके सुकून गेले. दुसऱ्या वर्षी मुळांची हिरवी टोकं सालीवरून सरकताना दिसली. आणि २०२३ च्या मे अखेरीस चाफ्यावर पहिली वेणी लोंबली.

आसामात हीच आमरी 'कोपौ फूल' म्हणून ओळखली जाते, तिथलं ते राज्यपुष्प आहे. बिहू नाचताना तिथल्या मुली ती केसांत माळतात. मी सहज हे सासूबाईंना सांगितलं आणि विचारलं, "आई, तुम्हाला घालू?" सासरे गेल्यापासून त्यांच्या केसांत मी फूल पाहिलं नव्हतं. त्या हसल्या. "केस तरी खंय उरले गो माळूक!" आणि वेणीही तोडू दिली नाही. "झाडाची ती, झाडारच रवांदे."

दोन-तीन आठवडे ती वेणी तशीच झुलत होती. मग एकेक फूल गळायला लागलं. एका सकाळी मी अंगण झाडायला गेले तर सासूबाई चाफ्याखाली उभ्या होत्या. खाली पडलेलं एक फूल त्यांनी उचललं, पदरानं पुसलं आणि आपल्या बारक्याशा अंबाड्यात खोचलं. मी पाहिलं, हे त्यांनीही पाहिलं. आम्ही दोघीही काही बोललो नाही. त्या आत गेल्या, मी अंगण झाडायला लागले.

आता जून जवळ आला की माझ्याकडे पिल्लं मागायला बायका येतात. मी देते, पण प्रत्येकीला आधी एकच प्रश्न विचारते, "माती घालणार नाहीस ना?" तुमच्या दारातही एखादा आंबा, फणस, चाफा असेलच. कपाटातली एक जुनी सुती साडी काढून ठेवा. यंदा पाऊस तोंडावर आला की एक रोप बांधून बघा. आणि बांधून झालं की थोडा हात आखडता घ्या.